वास कुणाचा

वासाला धनी नसतो. भांडं फुटलं तर कोणाच्या हातून फुटलं ते चार जणांना दिसतं, पैसे हरवले तर निदान शेवटी कोणी हाताळले ते विचारता येतं. वास सुटला की मात्र जो तो आपलं नाक धरतो आणि डोळे दुसऱ्याकडे वळवतो. दादांच्या केबिनमध्ये सुट्टीचे तीन-चार दिवस गेल्यावर नेमकं हेच झालं, आणि सगळ्यांचे डोळे वळले ते धाकटीच्या आईकडे.

केबिन दादांची, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याच्या मोठ्या भावाची. दाट झाडीत, उतारावर, लाकडाच्या दोन खोल्या आणि पुढे व्हरांडा. खाली तळं. रस्ता संपतो तिथे गाडी लावायची आणि सामान काखोटीला मारून वर चढायचं. वीज होती, टाकीत धुण्यापिण्यापुरतं पाणी होतं, पण गटार कुठून आणणार? म्हणून दादांनी खताचा संडास बसवून घेतला होता. दादांचा धंदा नळ आणि कमोड विकण्याचा. जन्मभर लोकांच्या घरी फ्लश बसवलेल्या या माणसाला बिनपाण्याच्या संडासाचं इतकं कौतुक, की पाहुणा आला की आधी तळं दाखवायचं सोडून ते संडास दाखवत. "पाण्याचा थेंब नाही, वासाचा कण नाही!" हे वाक्य ते दार उघडताना म्हणत आणि दार लावताना पुन्हा म्हणत.

त्याचं तंत्र तसं सोपं. सीटच्या पुढच्या भागातून लघवी वेगळ्या नळीनं बाहेर खडीच्या खड्ड्यात जायची. मागचं सगळं खालच्या ड्रममध्ये. उठल्यावर प्रत्येकानं डबाभर लाकडाचा भुसा टाकायचा, हँडल फिरवायचं, आणि छपरावरच्या पाइपातला पंखा आतली हवा ओढून बाहेर सोडत राहायचा. ड्रममधल्या किड्याजंतूंनी आपलं काम केलं की काही महिन्यांनी काळी माती निघते. ती माती दादा ओंजळीत घेऊन लोकांच्या नाकाखाली धरत, आणि लोक नाइलाजानं "खरंच की हो" म्हणत.

या सुट्टीत धाकटीनं आईला बरोबर आणलं होतं, आणि त्यामागे कारण होतं. आई दुसऱ्या गावात एकटी राहायची. मागच्या वर्षी ती जिन्यावरून घसरली, गुडघा कायमचा आखडला, आणि डॉक्टर म्हणाले, आता यांना एकटं ठेवू नका. धाकटीला तिला आपल्याकडे आणायचं होतं. पण घर दोघा भावांचं, एक स्वयंपाकघर, एक बाथरूम. घरात माणूस वाढवायचं तर जाऊबाईंचा होकार हवा. जाऊबाई हो म्हणत नव्हत्या आणि नाहीही म्हणत नव्हत्या. "आधी सुट्टीत आठवडाभर एकत्र राहून बघू, मग ठरवू," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. पडद्याचं कापड घरी लावून बघतात आणि नाही शोभलं तर दुकानात परत देतात, तसं आईचं चाललं होतं. धाकटीला ते आवडलं नव्हतं, पण गरज तिची होती, म्हणून ती गप्प बसली.

जाऊबाई म्हणजे नाकानं कांदे सोलणारी बाई. स्वतःच्या नवऱ्याच्या केबिनमध्ये जाताना त्या स्वतःची उशी, स्वतःचा टॉवेल आणि स्वतःचा कप घेऊन जात. दाराची कडी धरायच्या आधी पुसत आणि धरून झाल्यावर हात पुसत. आई आल्यापासून हे पुसणं दुप्पट झालं होतं. आई ज्या खुर्चीत बसायची, ती खुर्ची आई उठल्याबरोबर उन्हात जायची. "जरा ऊन लागू दे," जाऊबाई म्हणायच्या. बाकीच्या खुर्च्यांना उन्हाची कधी गरज पडली नाही.

वास पहिल्यांदा आला तेव्हा सगळ्यांनी तो कुठेतरी मेलेल्या उंदरावर ढकलला. दुसऱ्या दिवशी उंदीर पुरेना. चौथ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात चहा घेऊन बसवेना. वास म्हणजे नुसता घाणीचा वास नव्हता. कुजलेला, आंबलेला, वर काहीतरी झोंबणारं, आणि चिकट. बिस्किटाला चिकटायचा, चहाच्या वाफेत शिरायचा, जिभेवर बसायचा. पंखा इमानेइतबारे आतली हवा ओढत होता आणि वाऱ्याबरोबर ती थेट व्हरांड्यावर उतरत होती. धाकटीनं बिस्किट तोंडातून काढून कागदात गुंडाळलं. तिला स्वतःची जीभ धुवावीशी वाटत होती.

आई तेव्हा तिथे नव्हती. ती सकाळ-संध्याकाळ तळ्यापर्यंत फिरायला जायची. ती नाही असं बघूनच जाऊबाईंनी विषय काढला.

"मी कोणाचं नाव घेत नाही," त्या म्हणाल्या, म्हणजे आता त्या नाव घेणार. "पण हा संडास इतकी वर्षं चालतोय. आम्ही आलो, मुलं आली, पाहुणे येऊन गेले. कधी वास आला? आता या वेळी नवीन काय आहे, तेवढंच बघा म्हणते मी."

धाकटीचा नवरा कपात बघत बसला. चहा संपलेला होता, तरी तो त्यात काहीतरी शोधत होता.

"वयाप्रमाणे होतं असं," दादा समजूतदारपणे म्हणाले. "पोट बिघडलं असेल. औषधं चालू असतात या वयात. आता त्यांना विचारायचं तरी कसं?"

"मी कुठे काय म्हणतेय? मावशी आहेत, मोठ्या आहेत. पण घरी आपलं एकच बाथरूम आहे हो. मी आपलं आत्ताच बोलून ठेवते, मागाहून नको."

उचलली जीभ लावली टाळ्याला! धाकटीच्या कानशिलात ठणकायला लागलं. पण राग जाऊबाईंचा जितका आला, तितकीच आत कुठेतरी धास्तीही होती. कारण तिच्याही मनात तेच आलं होतं. आदल्या दिवशीच तिनं आईला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं होतं, "आई, भुसा नीट टाकतेस ना? जरा जास्तच टाकत जा." आई तिच्याकडे बघत राहिली होती आणि मग "बरं" म्हणाली होती.

तेवढ्यात आई चढण चढून आली. एक हात गुडघ्यावर, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, कपाळावर घाम. ती येताच सगळे एकदम हवापाण्यावर बोलायला लागले.

"या मावशी, चहा घ्या," जाऊबाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांनी आपली खुर्ची थोडी मागे सरकवली.

"नको, चहा नको मला," आई म्हणाली. ती पायरीवरच बसली. खुर्चीत बसली नाही.

धाकटीनं ते सरकवणं पाहिलं आणि ती उठली. "दादा, ड्रमचं मागचं दार कुठल्या पान्यानं उघडतं?"

"तू उघडणार?" नवऱ्यानं पहिल्यांदा कपातून डोकं वर काढलं. "अगं, कंपनीच्या माणसाला फोन केलाय. सोमवारी येतोय तो."

"सोमवारी आपण घरी असू," धाकटी म्हणाली. सोमवारपर्यंत निकाल लागलेला असणार होता. आई परत आपल्या जिन्याच्या घरी गेलेली असणार होती, आणि मग कंपनीचा माणूस काही का सांगेना.

धाकटीचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. लोकांची घाण हाच तिचा धंदा. घामाच्या काखा, ओकारीचे कोट, बाळांनी भरवलेल्या गाद्यांच्या खोळी, आणि काही असे डाग की गिऱ्हाईक कपडा काउंटरवर टाकून नजर चुकवतं. किळस तिला रोज यायची. इतक्या वर्षांत ती गेली नाही. फक्त ती गिऱ्हाइकासमोर चेहऱ्यावर येऊ द्यायची नाही, एवढं ती शिकली होती. आणि दुकानाचा एक नियम होता: डाग आधी हुंगायचा, मग धुवायचा. गिऱ्हाईक खोटं बोलतं. चहा सांडला म्हणतं आणि निघतं भलतंच. नाक खोटं बोलत नाही. पण दुकानातली घाण वाळलेली असते, गप्प पडलेली असते. ही जिवंत होती.

तिनं दादांचा जुना रेनकोट चढवला, रबरी हातमोजे घातले आणि नाकावर स्कार्फ बांधला. पुरुषमंडळी मदतीला आली. म्हणजे दादा नाकाला रुमाल लावून दूर झाडाखाली उभे राहिले आणि नवरा त्यांच्याही मागे बादली धरून उभा राहिला. जाऊबाईंनी आतून खिडक्या लावून घेतल्या.

"आधी पंखा बघ!" दादांनी झाडाखालून हुकूम सोडला.

तिनं आत जाऊन सीटवर कागदाचा कपटा धरला. कपटा सळसळत आत ओढला गेला. पंखा ठीक.

"आता लघवीची नळी!"

तिनं पुढच्या भागात पेलाभर पाणी ओतलं. बाहेर खडीच्या खड्ड्यापाशी नवरा वाकून बसला होता. "आलं, आलं!" तो असा ओरडला की जणू त्यानंच विहीर खणली होती. नळीही ठीक.

मग राहिला ड्रम.

मागच्या बाजूला, केबिनच्या बाहेरून, गुडघ्याएवढ्या उंचीवर लोखंडी दार होतं. पान्यानं बोल्ट सैल केले, आणि शेवटचा बोल्ट निघायच्या आतच दाराच्या कडेनं तपकिरी पाणी पाझरायला लागलं. धाकटी मागे सरली, पण पुरेशी नाही. दार स्वतःच्या वजनानं उघडलं आणि आतून एक लोंढा आला. तिच्या बुटांवर, रेनकोटच्या काठावर, गवतावर. वास आता वास राहिला नव्हता. तो अंगावर पडला, डोळ्यांत गेला, दातांना लागला. चिलटांचा ढग उठला. तिनं तोंड घट्ट मिटलं, कारण उघडलं असतं तर चिलटं आत गेली असती.

आत पाहिल्यावर तिला आधी कळेना की आपण काय पाहतोय. काळी ओलसर माती असायला हवी होती. होतं ते पाणीच. वर भुशाचा तवंग, त्यात कागदाचे लगदे, त्याखाली गोळे, आणि काठाला बुडून मेलेल्या, फुगलेल्या, पांढऱ्या अळ्यांची एक ओळ. अळ्यासुद्धा जगल्या नव्हत्या त्यात.

"मातीसारखं दिसतंय का?" दादांनी विचारलं.

"होडी चालेल यात, दादा!"

"पाणी? पाणी कसं असेल? आपण पाणी टाकतच नाही!" दादा दोन पावलं पुढे आले, मग त्यांना वास आला आणि ते तीन पावलं मागे गेले. "तळाला बारीक नळी आहे बघ, जादा ओल जायला. ती तुंबली असेल. तारेनं टोच!"

तळाची नळी शोधायची म्हणजे हात कोपरापर्यंत आत घालायचा. तिनं एकदा वळून व्हरांड्याकडे पाहिलं. आई पायरीवर बसून होती, हात मांडीवर, इकडेच बघत. धाकटीनं श्वास रोखला आणि हात घातला. कोमट होतं. थंड असतं तर बरं झालं असतं. कोमट, घट्ट, आणि बोटांमधून काहीतरी मऊ सरकून गेलं. हातमोज्याच्या वरच्या काठातून ते आत शिरलं आणि मनगटापासून बोटांपर्यंत उतरलं. ती शिव्या द्यायला लागली, दादांना, त्यांच्या संडासाला, कमोड विकणाऱ्या सगळ्या जमातीला, आणि शिव्या देता देता तारेनं टोचत राहिली. नळीत भुशाचा बूच बसला होता. तो सुटला, गडगडाट झाला आणि ड्रममधलं पाणी हळूहळू खड्ड्याकडे उतरायला लागलं.

"झालं!" दादा खूश झाले. "नळी तुंबली होती. मिटलं!"

"मिटलं कसं? पाणी आलं कुठून? पंखा चालू आहे, लघवी बाहेर जाते. मग एवढं पाणी?"

दादांची नजर व्हरांड्याच्या पायरीकडे गेली आणि लगेच परत आली. धाकटीला ती नजर वाचता आली: म्हातारी माणसं पाण्याशिवाय उठत नाहीत. धुतलं असेल तिनंच, लपून, बाटल्याच्या बाटल्या ओतून. आणि पुन्हा तिच्याही मनात तेच आलं. स्वतःचा इतका संताप तिला कधी आला नव्हता.

मग तिनं दुकानाचा नियम पाळला. नाकावरचा स्कार्फ खाली ओढला, उघड्या ड्रमवर वाकली आणि हुंगलं.

"अगं, काय करतेस!" नवरा किंचाळला आणि झाडाआड गेला.

आधी आली ती सडकी घाण, ढेकरासारखी जड. तिच्याखाली लघवीसारखा तीव्र दर्प, डोळ्यांत पाणी आणणारा. ती तिथेच थांबली असती, कोणीही थांबलं असतं. पण तिचं नाक आणखी खाली गेलं, आणि तिथे एक तिसरा वास होता. पोहण्याच्या तलावासारखा. कोरडा, तीक्ष्ण, घशाला सुईसारखा टोचणारा. ती खोकत मागे पडली. हा वास तिनं झोपेतही ओळखला असता. दुकानात त्याची बाटली वेगळ्या फळीवर असते, कारण लघवीच्या डागावर ते चुकून पडलं की धूर होतो आणि घसा भाजतो. ब्लीच. तिनं पुन्हा आत पाहिलं. वरचा भुसा पिवळा असायचा सोडून पांढराफटक पडला होता.

आईच्या पिशवीत ब्लीच असणं शक्य नव्हतं. धाकटी तशीच, चिखलाचे बूट आणि गळका रेनकोट घेऊन, स्वयंपाकघरात शिरली.

"बाहेर हो! फरशीवर—" जाऊबाई ओरडल्या.

धाकटीनं सिंकखालचं कपाट उघडलं. मोठी बाटली, तळाशी दोन बोटं उरलेली. शेजारी बादली आणि तीत मोठा मग. ती सगळी वरात घेऊन ती व्हरांड्यात आली. जाऊबाई तिच्यामागे आल्या, दादा रुमालासकट आले, नवरा झाडाआडून आला.

"ताई, हे तुम्ही संडासात टाकता?"

जाऊबाईंनी कानांवर हात ठेवले नाहीत. उलट त्या ताठ उभ्या राहिल्या. "टाकते. रोज दुपारी, सगळे पडलेले असतात तेव्हा. बादलीभर पाण्यात घालून सगळं नीट धुऊन काढते. मग? इतकी वर्षं कधी करत नव्हते, पण आपल्यातलीच माणसं होती तेव्हा. आता—" त्या थांबल्या, पण शब्द सुटून गेला होता. "आता मला तिथे बसवेना."

"अगं पाणी टाकायचं नाही म्हणून मी किती वेळा—" दादांचा आवाजच फुटेना.

"तुमचा भुसा मला पटतच नाही! भुशानं कधी काही स्वच्छ झालंय का?"

"ताई, त्या ड्रममध्ये जंतू असतात," धाकटी म्हणाली. "घाणीची माती तेच करतात. तुम्ही ते ब्लीच घालून मारले आणि वर पाण्यात बुडवले. अळ्यासुद्धा मेल्यात, या, दाखवते. वास सुटला तो तुमच्या स्वच्छतेचा. आणि चोर सोडून संन्याशाला सुळी देता, माझ्या आईचं नाव घेता!"

दादा एकदा बाटलीकडे, एकदा बायकोकडे बघत राहिले, आणि शेवटी धंदेवाल्या माणसाप्रमाणे त्यांनी नुकसान आवरतं घेतलं. "बरं, झालं गेलं. चूक कोणाकडूनही होते. मावशी, तुम्ही मनावर घेऊ नका. आणि आमच्याकडे खुशाल या राहायला. आमची ना नाही. काय गं?"

"मी कधी ना म्हटलं?" जाऊबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

होकार मिळाला! धाकटीच्या बोटांतून, कोपरातून, बुटांतून घाण ठिबकत होती, चिलटं तिच्या केसांत अडकली होती, आणि तिला नाचावंसं वाटत होतं. तिनं आईकडे पाहिलं.

आई पायरीवरून उठली. उठायला वेळ लागला. "मी तर त्या संडासात एकदाही गेले नाही," ती म्हणाली. रागानं नव्हे, भाजी संपली असं सांगावं तसं.

"म्हणजे?" दादांनी विचारलं.

"पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितलंत, पाणी चालत नाही. मला पाण्याशिवाय होत नाही. आणि यांचा चेहरा बघितला मी. मग म्हटलं, नको. खाली तळ्यावर बोटवाल्याच्या ऑफिसात संडास आहे. तो सकाळी उघडतो आणि संध्याकाळी बंद करतो. तेवढ्यात जाऊन येते."

ती चढण. तो गुडघा. चहा नको, पाणी नको, रात्री जेवण अर्ध्यावर. धाकटीच्या अंगातला नाच जागच्या जागी विरला.

"चल," आई तिला म्हणाली, "हात धू आधी."

केबिनच्या मागे टाकीचा नळ होता. आईनं तिचे हातमोजे स्वतःच्या उघड्या बोटांनी, उलटे करून सोलून काढले. आतून तपकिरी पाणी निथळलं, ते आईच्या मनगटावरून ओघळलं, आणि आईनं ते झटकलंही नाही. साबण घेऊन ती लेकीचं एकेक बोट चोळायला लागली, नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या. तिच्या चेहऱ्यावर एक रेष हलली नाही. धाकटीनं दुकानात वर्षानुवर्षं असा चेहरा करायचा सराव केला होता, पण आईचा हा केलेला नव्हता.

"तू बोलली का नाहीस?" धाकटीनं विचारलं. "मला तरी सांगायचंस."

"तू विचारलंस कुठे? तू म्हणालीस, भुसा जास्त टाक."

पाणी वाहत राहिलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "पण आता मिटलं ना सगळं? दादा स्वतः म्हणाले सगळ्यांसमोर. आता तू येतेस आमच्याकडे. गेल्या गेल्या खोली लावून घेऊ तुझी."

आई दुसरा हात धुवायला लागली. "आज वास माझा नव्हता, म्हणून म्हणाले. तू शोधून काढलंस, भांडलीस, चांगलं केलंस. पण माझं वय काय कमी होणारे? आज गुडघा आहे, उद्या अंथरूण धरेन. तेव्हा वास माझाच असेल गं. तेव्हा कोणाची बाटली काढून दाखवशील?"

"तेव्हा मी आहे ना! दुसऱ्या कोणाला कशाला हात लावू देईन? मी करीन सगळं, माझ्या हातानं—"

ती मनापासून बोलत होती. बोलता बोलता डोळे भरून आले म्हणून तिनं दंडानं ते पुसायला हात वर केला, आणि रेनकोटची बाही नाकाशी आली. ओली, कोमट, अजून ठिबकणारी. शब्द अर्धा राहिला. ती वळून वाकली आणि तिला कोरडी ओकारी आली, मग खरी, मग पुन्हा. ती थांबवू पाहत होती. आई समोर असताना, नेमकं आत्ता, हे होऊ नये म्हणून तिनं तोंडावर हात दाबला. पण पोट काही ऐकेना.

पाठीवरून आईचा हात फिरत होता. खाली वर, खाली वर, सावकाश.

"असू दे," आई म्हणाली. "असू दे गं, होतं असं." तिनं ओंजळीत पाणी घेऊन लेकीचं तोंड धुतलं, ओठांच्या कडा अंगठ्यानं पुसल्या, आणि नळ बंद केला. "मला माझ्या घरीच सोड."